पाळणाघराची अनामत आणि मे महिन्याची अर्धी फी : कोणी किती सोसावे?

उंबरठा :

घरगुती पाळणाघरात मूल ठेवताना घेतली जाणारी अनामत आणि मूल येत नसलेल्या काळात जागा राखण्यासाठी आकारली जाणारी अर्धी फी, या दोन्हींबद्दल पालकांचे आणि पाळणाघर चालवणाऱ्यांचेही मत हवे आहे. भांडण उकरून काढण्याचा हेतू नाही. नव्या गावी जाऊन पुन्हा हाच व्यवहार करायचा आहे, तेव्हा तो कोणत्या अटींवर करावा हे आधी ठरवलेले बरे, एवढाच उद्देश आहे.

आमचा मुलगा डोंबिवलीतल्या एका पाळणाघरात जात होता. प्रवेशाच्या वेळी आमच्याकडून परत न मिळणारी प्रवेश फी, एका महिन्याच्या फीएवढी अनामत आणि चालू महिन्याची फी अशा तीन रकमा घेतल्या गेल्या. छापील कागदावर अट अशी होती की, पाळणाघर सोडण्याआधी महिनाभर कळवले नाही तर अनामत परत मिळणार नाही, आणि मूल सलग पंधरा दिवसांहून अधिक काळ येणार नसेल, मग ते मेच्या सुट्टीमुळे असो की गणपतीला गावी गेल्यामुळे, तर त्या काळाची निम्मी फी द्यावी लागेल. आम्ही त्यावर सही केली होती, हे आधीच सांगते. पुढे नवऱ्याची नागपूरला बदली झाली. आदेश हाती पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही कळवले, पण रुजू होण्याची तारीख महिन्याच्या आतली असल्याने पूर्वसूचना अपुरी ठरली आणि अनामत पूर्ण जप्त झाली. मुलाचा शेवटचा दिवस शुक्रवारी होता. सोमवारी त्याच्या जागी दुसरे मूल आलेले शेजारणीने पाहिले.

माझे म्हणणे असे की, पालकाने अचानक काढता पाय घेतल्यामुळे रिकाम्या जागेचे जे नुकसान होते ते भरून निघावे म्हणून अनामत असते. जागा रिकामी राहिलीच नसेल तर पैसे कशाचे कापले, हे विचारण्याचा पालकाला हक्क असला पाहिजे. मेच्या अर्ध्या फीला माझा तत्त्वतः विरोध नाही, कारण जूनमध्ये परतल्यावर जागा हवी असेल तर तिची काहीतरी किंमत मोजावी लागणार हे उघड आहे. पण त्याच मे महिन्यात त्याच दोन खोल्यांत उन्हाळी शिबिर भरवून त्याची वेगळी फी घेतली जात असेल, तर आमची जागा नेमकी कुठे राखली गेली, हे मला अजून कळलेले नाही.

पाळणाघरवाली :

मी कोथरूडला माझ्या राहत्या घरातच पाळणाघर चालवते, त्यामुळे दुसरी बाजू सविस्तर मांडते.

अनामत घेण्याची पाळी आमच्यावर का आली, ते आधी पाहा. एक वर्षाच्या आतली दोनच बाळे मी एका वेळी घेते, कारण अशा बाळाला भरवणे, झोपवणे आणि रडताना उचलून घेणे यात एक माणूस पुरता गुंततो, आणि माझ्याकडे मी व एक मावशी अशी दोनच माणसे आहेत. फेब्रुवारीत एखादी गरोदर मुलगी येऊन सांगते की जूनमध्ये बाळंतपण आहे, २६ आठवड्यांची रजा संपली की डिसेंबरात कामावर जायचे आहे, तेव्हा जागा धरून ठेवा. मी शब्द देते. मधल्या महिन्यांत चौकशीला आलेल्या दुसऱ्या आयांना नाही म्हणते. त्या अर्थातच माझ्यासाठी थांबत नाहीत, दुसरीकडे सोय लावतात. आणि नोव्हेंबरच्या शेवटी फोन येतो, "काकू, सासूबाई गावाहून येणार आहेत, आता गरज नाही." त्या मुलीने काही लबाडी केली असे मी म्हणत नाही, घरोघरी असेच ठरते आणि मोडते. पण पुढचे दोन-तीन महिने तान्ह्या बाळाची जागा माझ्याकडे रिकामी राहते, कारण त्या वयाच्या बाळांसाठी जागा अगोदर ठरवून ठेवली जाते, आयत्या वेळी कोणी येत नाही.

सोमवारी दुसरे मूल दिसले, म्हणजे सोमवारपासून पूर्ण फी सुरू झाली, असा उंबरठा यांचा समज दिसतो. तसे नसते. माझ्या वहीत प्रत्येक मुलाचे वेगळे पान असते. आल्याची वेळ, डबा किती संपला, झोप किती झाली, औषध कोणते आणि कधी दिले, एवढे त्यात रोज लिहिले जाते. नव्या मुलाच्या पानावर पहिला आठवडा बहुधा "तासभर बसला, रडला, आईला बोलावले" एवढेच असते. मूल रुळेपर्यंत मी फी घेत नाही, कित्येक जणी अर्धी घेतात. शिवाय ते मूल आधीच यादीत असेल आणि इतर मुले सुटतील त्या क्रमाने पुढच्या महिन्यात येणारच असेल, तर त्याची फी तुमच्या जागेमुळे मिळाली असे कसे म्हणता येईल?

मे महिन्याचे गणित तर अगदी सरळ आहे. मावशींचा पगार मेमध्ये अर्धा होत नाही. निवासी सदनिकेत व्यवसाय चालतो म्हणून सोसायटी जो जादा देखभाल खर्च लावते, तोही अर्धा होत नाही. माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या आया मेमध्ये माहेरी किंवा सासरी जातात. सगळ्यांनी फी बंद केली तर मावशींना सुट्टी द्यावी लागेल, आणि जूनमध्ये त्या परत येतीलच याची खात्री कोण देणार? मुलाला मावशी ओळखीची हवी असते, हे तुम्हीही मान्य कराल. राहिला प्रश्न शिबिराचा. शिबिराला येतात ती शाळेत जाणारी सहा ते दहा वर्षांची मुले. दोन वर्षांच्या मुलाच्या जागेवर ती येत नाहीत.

कल्याण लोकल :

वरचा प्रतिसाद मनापासून लिहिलेला आहे, पण त्यात एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला राहिली. पूर्वसूचनेची अट नेहमी एकतर्फी असते. आमच्या मुलीचे पाळणाघर चालवणाऱ्या ताईंच्या घरी लग्न होते, तेव्हा आठवडाभर पाळणाघर बंद राहिले. आम्हाला चार दिवस आधी व्हॉट्सअॅपवर कळले आणि त्या आठवड्याची फी कापली गेली नाही. बायकोने आणि मी आळीपाळीने रजा काढल्या. आम्ही पंधरा दिवस गावी गेलो असतो तर निम्मी फी द्यायची होती. त्या आठवडाभर बंद राहिल्या तरी पूर्ण फी आमचीच. आमच्याकडून अपेक्षा महिनाभराच्या सूचनेची, आणि आमच्या वाट्याला चार दिवस!

दुसरे म्हणजे अनामतीची रक्कम कुठे असते? बहुतेक ठिकाणी ती वेगळी ठेवलेली नसते, चालू खर्चात केव्हाच मिसळून गेलेली असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अनेक घरगुती पाळणाघरे कायमची बंद झाली, तेव्हा हे उघड झाले. आमच्या इमारतीतल्या तीन कुटुंबांना अनामत परत हवी होती. त्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले की पैसे भाड्यात गेले. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता, पण पालकांचे पैसे मात्र बुडाले. आणि पावती? रोख रक्कम घ्यायची, वहीत टिपायची आणि अटींचा कागद पैसे दिल्यानंतर पाठवायचा, ही पद्धत सर्रास आहे. फी वाढली की अनामतीतला फरकही मागून घेतला जातो, त्याचीही नोंद आमच्याकडे नसते.

काटेकोर :

कायद्याच्या अंगाने थोडे लिहितो, कारण "कागदावर सही केली आहे, आता काही होऊ शकत नाही" असा समज दोन्ही बाजूंना दिसतो.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी एखादी रक्कम आधीच लिहून ठेवलेली असली, तरी ती आपोआप पूर्ण मिळत नाही. तिला कमाल मर्यादा मानून त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मौला बक्ष खटल्यात हेच सांगितले. तिथे सैन्याला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याच्या कंत्राटाची अनामत सरकारने जप्त केली होती. नुकसान सिद्ध करणे शक्य असूनही ते सिद्ध केले नाही, म्हणून ती परत करावी लागली. २०१५ सालच्या कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हा मुद्दा आणखी स्पष्ट झाला: मुळात नुकसान झालेच नसेल तर भरपाईचा प्रश्न येत नाही, आणि नुकसान मोजणे खरोखरच अवघड असेल तेव्हाच लिहिलेली रक्कम, ती वाजवी असल्यास, पुराव्याशिवाय मान्य होते. त्यामुळे उंबरठा यांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने रास्त आहे. पाळणाघरवाली यांचे उत्तरही त्याच चौकटीत बसते, कारण रुळण्याच्या आठवड्याची बुडालेली फी हे मोजता येण्याजोगे नुकसान आहे. मात्र ते मोजून जेवढे निघेल तेवढेच कापता येईल, अख्खा महिना नव्हे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये "अनुचित करार" ही संज्ञा आली आहे. ग्राहकाकडून उघडउघड अवाजवी अनामत घेणे आणि प्रत्यक्ष हानीच्या मानाने अतिशय जास्त दंड लावणे, हे दोन्ही तिच्या व्याख्येत येतात. पण पालकांनी हुरळून जाऊ नये. एका महिन्याची अनामत अवाजवी ठरणे कठीण आहे, आणि करारच अनुचित आहे अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही, ती राज्य आयोगापुढे न्यावी लागते. आठ हजारांसाठी तिथे कोण जाणार? म्हणून मी म्हणतो, भांडायची वेळ कागद लिहिताना असते.

शाळेची घंटा :

मी शिक्षिका आहे. माझ्यासारख्या आयांना मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत पाळणाघर लागतच नाही, आणि हे प्रवेशाच्या दिवशीच दोन्ही बाजूंना माहीत असते. तरीही दरवर्षी एप्रिलमध्ये अर्ध्या फीवरून तीच घासाघीस होते. त्यापेक्षा वर्षाची एकच फी ठरवून बारा सारखे हप्ते का पाडू नयेत? महिना आठ हजार धरले, तर अकरा महिने पूर्ण आणि मे निम्मा असे ९२,००० रुपये होतात. बारा हप्ते केले तर दरमहा सुमारे ७,६६७ पडतात. मावशींचा पगार बाराही महिने निघतो आणि "मूल आले नाही तरी पैसे का?" हा कटू प्रश्न उरत नाही.

पाळणाघरवाली :

शाळेची घंटा यांची सूचना मी पूर्वी विचारात घेतली होती, पण तिच्यात एक फट आहे. जूनमध्ये आलेले मूल एप्रिलअखेरीस कायमचे गेले, तर अकरा महिने आठ हजारांऐवजी ७,६६७ घेतल्याने माझे ३,६६३ रुपये कमी आलेले असतात. तो फरक कुठून वसूल करायचा? अनामतीतूनच. म्हणजे हप्ते केले तरी अनामत सुटत नाही, उलट तिची गरज वाढते.

कल्याण लोकल यांना एवढेच सांगते की, स्वतःहून बंद ठेवलेल्या दिवसांची फी मी कापते, आणि सगळ्यांनी ती कापावी असेच माझे मत आहे. त्यात दुमत नाही. आजारपणाचे मात्र वेगळे आहे. मला ताप आला म्हणून एक दिवस बंद ठेवले तर त्याचेही पैसे कापा, असे कोणी म्हणू लागले तर मी तापातच मुले सांभाळेन, आणि ते तुमच्याच मुलांच्या हिताचे नाही.

टेम्सकाठ :

मी इंग्लंडमध्ये राहते आणि घरी मुले सांभाळण्याचे काम नोंदणी करून करते, म्हणून तिथली रीत सांगते. मी एकटीने एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुले सांभाळू शकते. त्यातली लहान वयाची तीनच, आणि एक वर्षाच्या आतले साधारणपणे एकच बाळ. ऑफस्टेड ही तपासणी संस्था केव्हाही दारात येऊ शकते, त्यामुळे "एवढे आठवडाभर ठेवून घ्या" हा मार्ग बंद आहे. बाळाची एकच जागा असल्याने ती महिनोन्महिने आधी ठरते, आणि आई कामावर जाईपर्यंत अर्धी फी घेण्याची इथे बरीच प्रथा आहे. त्या बदल्यात माझ्यावरही बंधन येते. त्या काळात ती आई अचानक म्हणाली की आजपासून बाळ आणते, तर मला नाही म्हणता येत नाही, कारण मी जागा राखण्याचे पैसे घेतले आहेत. दुसऱ्या बाळाला तेवढ्या काळापुरते बसवून दोन्हीकडून पैसे घेणे हा सरळ करारभंग आहे. अनामत वेगळी असते. ती पहिल्या किंवा शेवटच्या बिलातून वजा होते आणि तसे करारात लिहिलेले असते.

शिवाय सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने मिळतात. त्या तासांपुरती अनामत घेतली, तर मूल आल्यावर ती वाजवी मुदतीत परत करावी, असे सरकारी मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

कल्याण लोकल :

इंग्लंडची शिस्त चांगली आहे, पण तिथे निम्मे ओझे सरकार उचलते आणि दारात तपासनीस उभा असतो. आपल्याकडे ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यावी, असे २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आले. पण ज्या लहान कंपन्यांत आणि दुकानांत आमच्यासारखे लोक काम करतात, तिथे तो आकडाच गाठला जात नाही. खारघरच्या एका पाळणाघरातले बाळाला मारहाण होत असल्याचे चित्रण २०१६ साली बाहेर आले, तेव्हा सगळ्यांचे लक्ष कॅमेऱ्यांवर गेले आणि ते योग्यही होते. पैशांच्या अटींकडे मात्र कोणी पाहिले नाही. त्यामुळे टेम्सकाठ यांच्या प्रतिसादातला एकच मुद्दा मी उचलतो: अर्धी फी घेतली असेल तर जागा खरोखर राखलेली हवी. उन्हाळी शिबिरात मोठी मुले येतात हे मान्य, पण त्यांना सांभाळणाऱ्या मावशी त्याच असतात. त्या मे महिन्यात माझे मूल मध्येच एक आठवडा आणायचे ठरवले, तर त्याला मांडीवर घ्यायला कोण मोकळे असते?

उंबरठा :

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून मी नागपूरच्या पाळणाघरापुढे ठेवायचा मसुदा तयार केला आहे. अनामत एका महिन्याच्या फीएवढी राहील, तिची वेगळी पावती मिळेल आणि रक्कम नोंदीत राहावी म्हणून ती यूपीआयने दिली जाईल. पूर्वसूचना जितके दिवस कमी पडेल, तितक्याच दिवसांची फी अनामतीतून कापली जाईल आणि उरलेली रक्कम मूल बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत परत मिळेल. दुसरे मूल कधी आले याची चौकशी पालकाने करू नये, म्हणजे तोही वाद नको. पाळणाघर स्वतःहून बंद राहील त्या दिवसांची फी वजा होईल, आणि त्यांनी कायमचे बंद करायचे ठरवले तर तेही महिनाभर आधी कळवतील. सुट्टीच्या काळात अर्धी फी दिली असेल, तर त्या काळात मूल आणण्याचा हक्क राहील. ज्या दिवशी आणले त्या दिवसाची उरलेली अर्धी फी पालक देईल.

जागा भरली की अख्खी अनामत परत, असे मी सुरुवातीला म्हटले होते. तो आग्रह मी सोडला आहे. मात्र पूर्ण महिना कापणे मला आजही मान्य नाही.

पाळणाघरवाली :

मसुदा विचारपूर्वक केलेला आहे, आणि दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी मी तो उद्यापासून वापरेन. जागा भरली का याची चौकशी नको, हे कलम मला सर्वांत आवडले, कारण एका घराचा हिशेब दुसऱ्या घराला सांगत बसणे मला कधीच बरे वाटले नाही. सुट्टीत मधल्या आठवड्यात मूल आणण्याच्या हक्कालाही माझी हरकत नाही, फक्त दोन दिवस आधी फोन हवा, म्हणजे मावशींची पाळी ठरवता येते.

पण तान्ह्या बाळांसाठी दिवस मोजून कापण्याची अट मी स्वीकारणार नाही. डिसेंबरात येणारे बाळ नोव्हेंबरअखेरीस रद्द झाले, तर तिथे बाळ अजून आलेलेच नसते. मग कमी पडलेले दिवस मोजायचे कुठपासून? त्या जागेसाठी एका महिन्याची अनामत पूर्ण माझ्याकडे राहील, आणि बाळ आले तर ती पहिल्या महिन्याच्या फीत वळती होईल. काटेकोर यांना हे वाजवी वाटत नसेल तर त्यांनी तसे लिहावे.

काटेकोर :

बाळ आल्यास पहिल्या फीत वळती होणार असेल आणि पावतीवर तसे लिहिलेले असेल, तर ती आगाऊ नोंदणीची रक्कम ठरते आणि एका महिन्यापुरती ती वाजवी वाटते. मात्र आईला कामावर घेण्याचेच कंपनीने नाकारले किंवा बाळाला गंभीर आजार निघाला, तर काय करायचे, हे त्याच पावतीवर लिहा. हे प्रसंग दुर्मीळ असतात, पण वाद होतो तो नेमका तिथेच.

उंबरठा :

तान्ह्या बाळांबाबत मी अजूनही असहमत आहे. दोन महिने आधी रद्द करणारी आई आणि आदल्या दिवशी रद्द करणारी आई, दोघींचा पूर्ण महिना बुडावा हे मला पटत नाही. साठ दिवस आधी कळवले तर निम्मी रक्कम परत, एवढी तरी पायरी असावी.

पाळणाघरवाली :

साठ नको, नव्वद ठेवा. तेवढ्या काळात मला दुसरे बाळ मिळू शकते. साठ दिवसांत मिळत नाही, हा अनुभव आहे.